धक्क्यावरची चाळीस मिनिटं

मंगळवार, १४ ऑक्टोबर

बेबी,

शनिवार, दिनांक ११ ऑक्टोबर, संध्याकाळी सात वाजून पाच मिनिटांनी तू आणि तुझा नवरा माझ्या घरातून आईला उचलून घेऊन गेलात. ही वेळ मी अंदाजाने लिहीत नाही. ती खालच्या मजल्यावरच्या घड्याळवाल्यांनी सांगितली. ज्या माणसाने पन्नास वर्षं दुसऱ्यांची घड्याळं दुरुस्त केली, त्याच्याशी मी वेळेवरून वाद घालत नाही.

मी फिरून आले तर पलंग रिकामा. चादरीवर अजून तिच्या अंगाचा खळगा. फोनच्या वहीतलं एक पान फाडून तू लिहिलं होतंस, "आईला नेतोय. फोन कर." मी तुला लहानपणी शुद्धलेखन शिकवलं, सात-सात पानी निबंध लिहून घेतले. सत्तर वर्षांच्या बहिणीला सांगायला तुझ्याजवळ चार शब्द निघाले.

नेताना काय काय विसरलीस त्याची यादी देते. तिची कवळी. ती न्हाणीघरात पेल्यात आहे, आणि मी रोज पाणी बदलते. कानाच्या यंत्राचे जादा सेल. कुशीवर वळवल्यावर पाठीला लावायची लांब उशी. पाणी घट्ट करायची भुकटी. तिला नुसतं पाणी देऊ नकोस, ठसका लागतो. पेलाभर पाण्याला सपाट दोन चमचे. हे तुला ठाऊक नसणार. तू वर्षातून दोनदा येतेस आणि तिच्या उशाशी फुलं ठेवून जातेस.

एक्याण्णव वर्षांच्या बाईला दात न घेता घरातून काढणाऱ्या माणसांना काय म्हणायचं, ते मला येतं. पण मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले म्हणून लिहीत नाही.

रविवारपर्यंत तिला परत आणून सोडावं.

तुझी मोठी बहीण


गुरुवार, २३ ऑक्टोबर

बेबी,

रविवार आला आणि गेला. तू फोनवर पाठवलेले ते बोललेले निरोप मी ऐकले नाहीत. अकरा आहेत. मी चौतीस वर्षं बंदराच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये लोकांचे आवाज कानात घेतले, आता मला पुरे झालं. जे काय असेल ते लिहून पाठव. लिहिताना माणूस निदान दुसऱ्या ओळीपर्यंत विचार करतो.

पण तुझा लिहिलेला निरोपही आहे, तो वाचला. "ताई, आई जमिनीवर पडली होती. दार बाहेरून बंद होतं. तू कुठे होतीस?"

मी कुठे होते ते सांगते. मी धक्क्यावर होते. मी रोज संध्याकाळी धक्क्यावर जाते. पाच पन्नासला निघते. आमच्या फाटकापासून धक्क्याच्या टोकापर्यंत माझ्या पावलांनी अठरा मिनिटं, टोकाला चार मिनिटं, परत अठरा. एकूण चाळीस. दिवसातल्या चोवीस तासांतून चाळीस मिनिटं. ही सवय नवी नाही. आईला पहिला झटका आला त्याच्या आधीपासूनची आहे, आणि तो येऊन पाच वर्षं झाली. या पाच वर्षांत मी सिनेमा पाहिला नाही, कोणाच्या घरी जेवले नाही, आणि माझा दुखरा दात काढायला सुद्धा आईला घड्याळवाल्यांच्या बायकोच्या ताब्यात देऊन गेले.

दार बाहेरून बंद होतं, कारण ती मधूनच उठून जिन्याकडे जायची. दुसरी किल्ली घड्याळवाल्यांकडे असते. तुरुंगात सुद्धा किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवत नाहीत, तेव्हा कोंडून ठेवलं असं तू म्हणू नयेस.

आणि मी तिला एकटी ठेवत नव्हते. हे तुला समजायला हवं, म्हणून सविस्तर लिहिते.

बंदरात वादळाचा इशारा आला की दीपगृहाची लाइन आम्ही उघडी ठेवायचो. कोणी बोलत नसलं तरी ती तोडायची नाही, असा नियमच होता. दर दोन-तीन मिनिटांनी इकडची ऑपरेटर म्हणायची, "आहे." तिकडून दीपगृहवाला म्हणायचा, "आहे." बाकी काही नाही. बातमी नाही, हवापाणी नाही. नुसतं एवढंच, की लाइन जिवंत आहे आणि पलीकडे माणूस आहे. मी एकदा सलग नऊ तास असं "आहे" म्हटलंय. दुसऱ्या दिवशी माझा घसा बसला होता आणि साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही होता म्हणून तो माणूस तिथे भानावर राहिला."

तीच पद्धत मी घरी लावली. जाताना आईच्या पलंगाजवळच्या स्टुलावर घरचा फोन ठेवायचा, मोबाइलवरून तो लावायचा, तिकडचा आवाज मोठा करायचा आणि निघायचं. मी पहिल्या दिव्यापाशी म्हणते, "आहे." आई म्हणते, "आहे गं." फाटकापासून टोकापर्यंत सत्तावीस दिवे आहेत. दर तिसऱ्या दिव्यापाशी आमचं "आहे, आहे" होतं. मधल्या वेळात मला तिचा श्वास ऐकू येतो, पलंगाची करकर, खालच्या दुकानातली घड्याळं. मी समुद्राकडे बघत असते आणि माझा कान घरी असतो.

धक्क्यावर गळ टाकून बसणाऱ्यांना वाटतं, म्हातारीचं डोकं फिरलंय. त्यांच्यातला एक पोटसुटा माणूस मला रोज छेडतो. "मावशी, आज कोणाला हजेरी देताय?" म्हणतो. मी त्याला म्हटलं, "तुमच्या गळाला तीन वर्षांत काही लागलेलं मी पाहिलं नाही. माझ्या गळाला निदान पलीकडून उत्तर तरी येतं." तेव्हापासून तो मला वाट देतो.

तर बेबी, याला एकटं ठेवणं म्हणत नाहीत. तुझ्या घरी ती दिवसभर कोणाच्या ताब्यात असते? ती पगारी बाई दर तिसऱ्या मिनिटाला "आहे" म्हणते का?

कवळी आणि भुकटी पार्सलने पाठवली आहे. पोचल्याचं लिहून कळव.

ताई


बुधवार, ५ नोव्हेंबर

बेबी,

तुझं पत्र मिळालं. दीड पान. अक्षर अजून तसंच, उतरत्या ओळींचं.

तू गणित मांडलं आहेस. पाच पन्नासला निघालीस तर साडेसहाला घरी हवी होतीस. आई सहा पस्तीसला पडली. आम्ही भेटायला म्हणून पावणेसातला पोचलो, सात पाचला निघालो. वीस मिनिटं घरात होतो, तू कुठेही दिसली नाहीस. लाइन उघडी होती तर पडल्याचा आवाज तुला ऐकू कसा आला नाही? घड्याळवाल्यांनी चार वेळा फोन केला, तो बंद का?

गणितात तू नेहमी काठावर पास व्हायचीस. वय वाढलं की काही गोष्टी सुधारतात म्हणायच्या.

मोबाइलची बॅटरी संपली. टोकाला पोचल्यावर, सहा बारा वाजता. परत येताना एक्सचेंजमधली जुनी मैत्रीण भेटली आणि बोलण्यात उशीर झाला. झालं समाधान?

तू लिहितेस, आई आता बरी आहे, पायाचं हाड मोडलेलं नाही, फक्त मुका मार आहे, आणि "ताई, आत्ता तू येऊ नकोस. तुझं नाव काढलं की ती गप्प होते. थोडे दिवस जाऊ दे." थोडे म्हणजे किती? एक्याण्णवाव्या वर्षी थोडे दिवस कोणाच्या खिशातून काढायचे?

मी अजून धक्क्यावर जाते. घरी थांबायचं कारण नाही आणि बाहेर जायचंही नाही, पण पाच पन्नास झाले की पाय चपलांकडे जातात. आता कानाला काही नसतं. सूर्य बुडतो तेव्हा पाणी थोडा वेळ तांब्याच्या रंगाचं होतं, मग शिशाचं. बोटी आत येतात, दोरखंड टाकतात, माणसं एकमेकांना हाका मारतात आणि घरी जातात. मी टोकापर्यंत जाते, कारण अर्ध्यातून वळायला कारण लागतं. टोकाला गंजलेली क्रेन आहे आणि "पुढे जाऊ नये" अशी पाटी आहे. तिच्यापुढे जायला पुढे काय आहे, हे पाटी लावणाऱ्याला विचारायला हवं. तिथे उभी राहून काल मी "आहे" म्हटलं. सवयीने तोंडातून गेलं. तो पोटसुटा माणूस जवळच होता. तो या खेपेला हसला नाही. गळ गुंडाळत म्हणाला, "मावशी, अंधार पडतोय, चला, मी पण त्याच बाजूला निघालोय." आणि माझ्या दोन पावलं पुढे फाटकापर्यंत आला. इतकी माझी अवस्था झाली आहे की गळ टाकणारे मला घरी सोडतात.

आई काय खाते ते लिही. झोपते का ते लिही.

ताई


बुधवार, १९ नोव्हेंबर

बेबी,

वृद्धांची काळजी घेणाऱ्या त्या संस्थेचा फॉर्म मिळाला. तू चिकटवलेली ती छोटी पिवळी चिठ्ठी पण मिळाली, "ताई, जिथे खूण केलीय तिथे सही." कायमच्या प्रवेशासाठी दोन्ही मुलींची संमती लागते, हे मला आधी ठाऊक नव्हतं. म्हणजे मी नाही म्हटलं तर ते तिला घेऊ शकत नाहीत. हे कळल्यावर मी चार दिवस फॉर्म टेबलावर ठेवून त्याच्याकडे बघत होते. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. खूप दिवसांनी माझ्या हातात काहीतरी होतं.

फॉर्मवर एक प्रश्न आहे. "सध्याची काळजी अपुरी का ठरली, थोडक्यात लिहा." त्याखाली तीन ओळींची जागा. तू ती कोरी ठेवली आहेस. तू मला वाचवायला बघितलंस की मी स्वतः लिहावं म्हणून ठेवलीस, ते मला कळलं नाही. दोन्हींचा रागच आला.

आठवतं का, कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात दर रविवारी नाश्ता झाला की पत्र लिहायला बसवायचे. पाकीट उघडं द्यायचं. मदर वाचायच्या आणि मग चिकटवायच्या. तू सहा वर्षांची होतीस, पहिल्याच रविवारी लिहिलंस, "आई मला न्यायला ये." मदरनी ते फाडलं. मग मी तुझ्यासाठी लिहून दिलं आणि तू त्यावर गिरवलंस. "आम्ही मजेत आहोत. हवा छान आहे. जेवण चांगलं आहे." अशी आठ वर्षांची पत्रं आईने पेटीत जपून ठेवली होती. तिला म्हातारपणी सुद्धा वाटायचं की आपल्या मुली तिथे सुखात होत्या. तेव्हापासून मला पत्रात खरं लिहिता येत नाही, बेबी. पाकीट उघडं असल्यासारखंच वाटतं. "बॅटरी संपली" हे वाक्य मी त्याच शाळेत शिकले.

बॅटरी संपली नव्हती. मैत्रीणही भेटली नाही. ती बिचारी दोन वर्षांपूर्वीच गेली.

त्या दिवशी मी टोकाला पोचले. चोविसाव्या दिव्यापासून आई उत्तर देत नव्हती, पण श्वास ऐकू येत होता, म्हणून मी काळजी केली नाही. टोकाला उभी राहून मी म्हटलं, "आहे." मग तिचा आवाज आला. अगदी स्पष्ट, इतक्या स्पष्ट आवाजात ती महिनोन्‌महिने बोलली नव्हती.

"बेबी," ती म्हणाली, "ती गेली का? मग ये ना. ती असली की मला बोलता येत नाही."

तू तिथे नव्हतीस. तिला तू तिथे दिसत असायचीस, बरेच दिवसांपासून. माझं नाव तिने गेल्या पावसाळ्यापासून घेतलं नव्हतं. ते मी सोसलं. म्हातारी माणसं नावं विसरतात. पण मला ती विसरली नव्हती. मी खोलीतून जाईन कधी, याची ती वाट बघत होती.

मी दिवसभर तिला काय सांगायचे ते आठवून बघितलं. गिळ. वळ. धर. सोड. तोंड उघड. हात काढ. पाच वर्षांत माझ्या तोंडून एवढेच शब्द गेले असतील. दीपगृहवाल्याशी सुद्धा मी जास्त मायेने बोलले असेन.

सहा बारा वाजता मी लाइन तोडली. हाताने. आणि फोन पूर्ण बंद केला.

आता पुढचं, जे मला तुला कधी कळू द्यायचं नव्हतं. मी घरी धावले नाही. मी क्रेनच्या चौथऱ्यावर बसले. सूर्य गेला, पाणी काळं झालं, दिवे लागले. कानात काही नव्हतं. श्वास नाही, करकर नाही, घड्याळं नाहीत. मला कोणी नव्हतं आणि मी कोणाची नव्हते. बेबी, ते मला बरं वाटलं. मी एक तास वीस मिनिटं तिथे बसले आणि एकदाही तिची आठवण काढली नाही. आई जमिनीवर होती तेव्हा मी वारा खात होते. पावणेआठच्या पुढे घरी पोचले, पलंग रिकामा पाहिला, आणि सगळ्यात आधी मनात काय आलं ते लिहून टाकते. मनात आलं, सुटले. नंतर रडले, नंतर तुझ्यावर चिडले. चिडायला तू फार सोयीची होतीस.

परवा मी घड्याळवाल्यांच्या दुकानात उभी राहिले. त्या दिवसापासून त्यांनी मला काही विचारलं नव्हतं आणि मीही त्यांना. डोळ्याला ते भिंग लावलेलंच होतं. मी म्हटलं, "त्या दिवशी वर काय झालं, मला सगळं सांगा."

"काय करायचंय आता, बाई?"

"सांगा म्हटलं ना."

त्यांनी भिंग काढलं. "आजी हाका मारत होत्या. नाव घेऊन नाही. नुसत्या 'आहे, आहे' म्हणत होत्या. मी बायकोला म्हटलं, रोजचंच आहे, फोनवर आहेत. पण आवाज वाढत गेला. 'आहे. अगं, आहे.' मग धप्प झालं. मी तुम्हाला फोन लावत बसलो, लागेना. किल्ली शोधली आणि जिना चढतोय तोवर तुमच्या बहिणीची गाडी आली."

"किती वेळ म्हणत होती?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "वीस मिनिटं. थोडी जास्तच."

त्यांची वेळ चुकत नाही हे मीच तुला लिहिलं आहे.

लाइन तुटली की फोनमध्ये टूं-टूं वाजत राहतं. ती त्याला उत्तर देत होती. मी गेले म्हणून तिला मोकळं वाटलं हे खरं, आणि मी नाही म्हणून ती उठून मला शोधायला निघाली हेही खरं. की तुला शोधायला निघाली? मला ठाऊक नाही. तू तिला जमिनीवरून उचललंस. तिने काही म्हटलं असेल तर ते तुझ्याशिवाय कोणी ऐकलेलं नाही.

फॉर्मवर सही केली आहे. तीन ओळींच्या जागेत लिहिलं आहे, "मी फोन बंद केला आणि परत गेले नाही." तुला ते फार उघडं वाटलं तरी तसंच राहू दे, खोडू नकोस. फॉर्म याच पाकिटात आहे. मी तो अडवून ठेवून तुझ्याकडून काही मागणार नाही, तो विचार चार दिवस करून झाला. संस्थेतल्या लोकांना सांग की तिला डाव्या कुशीवर झोप लागते, आणि चमचा ओठाला लावून थांबायचं, आत ढकलायचा नाही. मी ढकलायचे.

आता माझं म्हणणं. मला तिला एकदा बघायचं आहे. मी बोलणार नाही, दारातून बघेन, ती झोपलेली असताना चालेल. मला पाहून ती गप्प होत असेल तर मी तिच्या डोळ्यांसमोर येणार नाही. तिला संस्थेत हलवायच्या आधी, तुझ्या घरी. तिथल्या अनोळखी माणसांसमोर मला दारात उभं राहायचं नाही.

त्यासाठी तू मला दोन गोष्टी लिहून कळवायच्या. पहिली, मी कोणत्या दिवशी आणि किती वाजता यायचं. दुसरी, तू उचललंस तेव्हा ती काय म्हणाली. जे म्हणाली असेल ते, अक्षर न बदलता. माझ्या बाजूने गोड करायचं नाही. तुझ्यासाठी गोड पत्रं मी पुष्कळ लिहिली, त्यांची परतफेड तशीच नको.

मला येऊ द्यायचंच नसेल तर "येऊ नकोस" एवढं लिही. कारण देऊ नकोस, मला कारण ठाऊक आहे.

फोन करू नकोस. घरचा फोन मी काढून टाकला आहे आणि मोबाइल कपाटात बंद पडून आहे. उत्तर कागदावर, तुझ्या हाताने लिहिलेलं, शुक्रवार, दिनांक २८ नोव्हेंबर, संध्याकाळी पाच वाजायच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. त्या दिवशी पोस्टमन येऊन जाईपर्यंत मी घरीच असेन.

ताई